डोमाजींचा कानातला कार्यक्रम

डोमाजी दिघोऱ्यांच्या पॉडकास्टमधली साडेअकरा मिनिटं मी पुसून टाकली. चुकून बटण दाबलं गेलं, मांजर कीबोर्डवरून गेलं, वीज गेली, असलं काही झालं नाही. नीट खुर्चीत बसून, चहा पिऊन पुसली. त्या साडेअकरा मिनिटांत कोणीच काही बोलत नव्हतं, एवढंच मी पाहिलं. नऊ वर्षं एकमेकांशी न बोललेले दोन सख्खे भाऊ त्या वेळात एकाच छपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, शेजारी-शेजारी बसले होते, हे मला नंतर कळलं. मला पुष्कळ गोष्टी नंतर कळतात. पंचायत समितीत तीस वर्षं नोकरी केली की ही सवय लागते.

पण आधी डोमाजी.

आंधळगावात आमच्या घराला लागून त्यांचं घर. वय पासष्टच्या आसपास, अंग वाळकं, उंची गरजेपेक्षा जास्त. हा माणूस एखाद्या भर दुपारी सायकल काढतो, चार-पाच किलोमीटर पायडल मारत दुसऱ्या गावी जातो, एखाद्या म्हातारीच्या दारात उतरतो आणि घाम पुसत विचारतो, "आजी, तुमचा एक खोकला काढू का?"

म्हातारी आधी घाबरते. तिला वाटतं, हा वैदू आहे. मग डोमाजी समजावून सांगतात, की मागल्या बुधवारी तुम्ही माझ्या कार्यक्रमात बोलल्या होत्या, त्यात सातव्या मिनिटाला तुम्ही खोकलल्या, तो खोकला काढला तर गोष्ट सलग ऐकू येईल, पण खोकला तुमचा आहे, तेव्हा तुमच्या परवानगीशिवाय मी त्याला हात लावणार नाही. बहुतेक माणसं म्हणतात, काढा बापा. एकजण मात्र अडून बसला होता. त्याचं म्हणणं, तो खोकला माझ्या पोरींच्या ओळखीचा आहे, तो काढला तर हा दुसराच कोणी बोलतो आहे असं त्यांना वाटेल. डोमाजींनी मान डोलावली, सायकल वळवली आणि घरी येऊन वहीत लिहिलं : 'खोकला एक. मालकाचा नकार. राहू देणे.'

ही वही मी पाहिली आहे. शाळेतली लांबट, दोनशे पानी. त्यात रकाने आखलेले. कोणाचा आवाज, कितवं मिनिट, काय झालं, परवानगी. 'काय झालं' या रकान्यात खोकला, शिंक, कोंबडा, बसचा हॉर्न, बायकोने, म्हणजे सुमनने, कपबशी आपटली, अशा नोंदी. कोंबड्याच्या समोर परवानगीच्या रकान्यात 'मालकाला विचारले' असं लिहिलेलं होतं. कोंबड्याच्या की गावाच्या, कोणत्या मालकाला, ते मी विचारलं नाही.

डोमाजी पॉडकास्टला पॉडकास्ट म्हणत नाहीत. 'कानातला कार्यक्रम' म्हणतात. त्यांचा मूळ धंदा भोंग्याचा. 'दिघोरे साऊंड सर्व्हिस' या पाटीखाली त्यांनी मोहाडी तालुक्यातली निम्मी लग्नं आणि मंडईतली, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतली, नाटकं आवाजाने भरून काढली होती. पुढे काही वर्षांपूर्वी त्यांनी अचानक धंदा बंद केला. अॅम्प्लिफायर विकले. भोंगे कोणी घेईना, म्हणून ते मागच्या अंगणात पडले आहेत आणि त्यांतल्या एकात कोंबडी अंडी घालते. का बंद केला, असं विचारलं की म्हणायचे, भोंग्याचं काही खरं नाही, ज्याले आयकायचं नाही त्याच्याही कानात जाते. कानातल्याचं बरं. ज्याले पाहिजे तो लावते, नको तो काढते.

कार्यक्रमाचं नाव 'बोडीकाठ'. बोडी म्हणजे आमच्याकडचा शेतातला लहान तलाव. एका भागात तुमसरच्या राइस मिलमधला एक हमाल होता, जो मशीनच्या नुसत्या आवाजावरून आत तांदूळ तुटतो आहे हे सांगतो. एका भागात कोण्या बाईने शिंगाड्याच्या वेलाचा काटा पायात मोडला तर काय करायचं हे वीस मिनिटं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली की तिला स्वतःला कधी मोडला नाही. असा वीस मिनिटांचा एक भाग करायला डोमाजींना दहा-अकरा दिवस लागतात. पहिल्यांदा डोळे मिटून ऐकतात. दुसऱ्यांदा वही घेऊन. तिसऱ्यांदा सुमनवहिनींना शेजारी बसवून, एक-एक कान वाटून. मग जुन्या लॅपटॉपवर, जीभ किंचित बाहेर काढून, माऊसने आवाजाचा तुकडा कापतात, सुपारी कातरावी तसा.

ऐकणारे एकूण एक्केचाळीस. त्यांतले अडतीस कोण, हे डोमाजींना नावानिशी ठाऊक आहे. उरलेल्या तिघांचा त्यांना घोर. दर आठवड्याला मला विचारायचे, "बाबू, हे तिघं कोण असतीन?" मी म्हणायचो, पुण्या-मुंबईचे कोणी असतील. त्यांना ते उत्तर आवडायचं नाही.

आता माझ्याबद्दल. मागल्या वर्षी कार्यालयाने मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय : कृत्रिम बुद्धिमत्ता. पहिला दिवस उद्घाटनात गेला, तिसरा समारोपात. मधल्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मला झोप लागली. प्रमाणपत्र मात्र मिळालं, ते मी लॅमिनेट करून दिवाणखान्यात लावलं. आमच्या सौभाग्यवती शोभाबाई ते पाहुण्यांना दाखवतात आणि म्हणतात, यांच्याजवळ बुद्धिमत्तेचा कागद आहे.

प्रमाणपत्र हातात आल्यावर जवळपास कोणाचं तरी कल्याण करणं भाग होतं. सर्वांत जवळ डोमाजी. मी त्यांना म्हटलं, डोमाभाऊ, तुम्ही कुठल्या काळात आहात? प्रश्न यंत्र लिहून देतं, आवाज यंत्र देतं, खोकला तर चुटकीसरशी जातो. प्रात्यक्षिक म्हणून मी माझ्या फोनवर, त्यांच्या डोळ्यांदेखत, तलावांवरचा एक भाग एका मिनिटात तयार करून दाखवला. गोड बाईचा आवाज. 'लहानपणी मी तलावात पाय सोडून बसायचे,' अशी सुरुवात. डोमाजींनी हात जोडून, देवळात बसावं तसं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, या बाई कोणत्या गावच्या. मी सांगितलं, कुठल्याच नाहीत, बाईच नाही ती.

"मंग पाय कोणाचे भिजले?"

मी म्हटलं, तसं नसतं ते. ते म्हणाले, बरं. आणि मग, अगदी प्रामाणिकपणे, "सगळं तेच करन तं मी काय करू? दिवसभर सुमनचं डोकं खाऊ?" आतून सुमनवहिनी म्हणाल्या, यंत्र नको, पण डोकंही नको.

प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं.

धान निघून गेल्यावरची गोष्ट. एका संध्याकाळी डोमाजी माझ्याकडे आले. हातात नखाएवढं मेमरी कार्ड, तेही रुमालात गुंडाळलेलं. त्यांच्या लॅपटॉपची कार्ड घालायची खाच बिघडली होती. म्हणाले, यातली फाइल तुझ्या कंप्युटरवर उतरवून ठेव, एक कापी काढ, बाकी हात नको लावू. हे दोनदा सांगितलं. चेहरा नेहमीपेक्षा वेगळा होता, पण तो मी हिवाळ्यावर ढकलला.

मी हात लावला नाही. लावला तो यंत्राने.

फाइल उघडली तेव्हा पडद्यावर आवाजाची रेघ आली. सुरुवातीला थोडे उंचसखल डोंगर, आणि मग नुसतं सपाट. ईसीजीत अशी रेघ दिसली की डॉक्टर नातेवाइकांना आत बोलावतात. माझ्या नव्या प्रोग्रॅमने अदबीने विचारलं : साडेअकरा मिनिटांचा निःशब्द भाग आढळला आहे, काढायचा का? मला डोमाजींची दया आली. बिचारे, मशीन चालू ठेवून विसरले असतील. मी म्हटलं, काढ. त्याने विचारलं, मूळ फाइलच्या जागी ही ठेवायची का? मी म्हटलं, ठेव. दोन-दोन फाइली कशाला? मग कार्ड परत देताना अगदी कोरं-करकरीत द्यावं म्हणून तेही साफ केलं. प्रशिक्षणातलं एवढंच लक्षात राहिलं होतं, की माहिती स्वच्छ ठेवावी. वर माझ्याकडून भेट म्हणून मध्ये बासरी घातली आणि शेवटी टाळ्या.

दुसऱ्या दिवशी डोमाजींना बोलावून, त्यांच्या कानांवर माझे हेडफोन चढवून, मी बाजूला उभा राहिलो. बक्षीस समारंभात शाल द्यायला उभे राहतात तसा. कार्यक्रम असा झाला होता :

"नमस्कार मंडळी. आज माझ्यासंगं माझे मोठे बंधू मोतीराम दिघोरे बसून हायेत. लाखांदूरकडे तलावावर मासोळी धरतेत. मी त्यायले काही विचारणार नाही. त्यायले वाटन तं ते बोलतीन."

बासरी.

"जातो."

टाळ्या.

डोमाजींनी तो एकदा ऐकला. पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा ऐकला. मग हेडफोन काढून त्याची तार नीट गुंडाळून टेबलावर ठेवली, आणि बाकीचं कुठं आहे ते विचारलं. मी उत्साहाने सांगितलं, बाकी काही नव्हतंच. मग त्यांनी कार्डाचं विचारलं. मी तेही सांगितलं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ओरडणाऱ्याला समजावता येतं, मी कार्यालयात तेच करतो. डोमाजी उठले आणि दाराशी जाऊन थांबले.

"दादा 'जातो' म्हणला ते ठेवलं तू. बसून होता ते काढून टाकलं."

एवढं बोलून गेले.

त्यांच्या घराचं दार चार दिवस उघडं होतं, पण आत कार्यक्रमाचं काही चालू नव्हतं. सायकल भिंतीला टेकलेली. पाचव्या दिवशी सुमनवहिनी आमच्याकडे विरजण मागायला आल्या आणि शोभाच्या कानावर, म्हणजे माझ्याही, सगळी हकीकत घातली.

मोतीराम हे डोमाजींचे थोरले भाऊ. बापाच्या मागे त्यांनी जाळं धरलं आणि धाकट्याला शिकवलं. धाकटा शिकून भोंग्याच्या धंद्यात पडला. मोतीरामांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न होतं. काकाने आवाजाची सगळी व्यवस्था केली, कडुनिंबांवर चार भोंगे चढवले आणि त्या लग्नासाठी खास नवा, बिनतारेचा माइक आणला. बिदाईच्या वेळी मुलीचा बाप सापडेना. डोमाजींनी माइकवरून तीनदा पुकारलं. मग स्वतःच शोधायला निघाले. मोतीराम तलावाच्या पाळीमागे, म्हणजे बांधाआड, कोणाला दिसू नये असे, गुडघ्यांत डोकं घालून रडत बसले होते. डोमाजी त्यांच्याजवळ जाऊन उकिडवे बसले आणि म्हणाले, काय रे दादा, लहान पोरीवानी रडून काय राहिला, नाक पूस अन् चल.

माइक हातात होता. चालू होता. तार नव्हती, म्हणून आठवण राहिली नाही.

मंडपातल्या चार गावांच्या वऱ्हाडाने ते ऐकलं, आणि त्यानंतरचं एक मिनिटभर मोतीरामांचं हुंदके देणंही. पुढे बाजारात, बोडीवर, बसमध्ये, कोणीही पोरगं नाक पुसायची नक्कल करायचं. मोतीरामांनी भावाला शिवी दिली नाही, भांडण केलं नाही. फक्त बोलणं बंद केलं. नऊ वर्षं.

ते या हिवाळ्यात, मुलीकडे तुमसरला आले असताना, कोणाला न सांगता आंधळगावला उतरले. छपरीत बसले. पिशवीतून फाटकं जाळं काढलं आणि बांबूच्या सुईने शिवायला लागले. डोमाजींनी भीतभीत रेकॉर्डर आणून दोघांच्या मध्ये ठेवला, त्याचा लाल दिवा भावाला दिसेल असा फिरवला आणि विचारलं, दादा, हे चालू करू का? मोतीराम बोलले नाहीत. जाळ्याचा पदर त्यावर पडत होता, तो मात्र त्यांनी बोटाने बाजूला केला. डोमाजींनी त्याला होकार धरलं. सुमनवहिनींनी त्या दिवशी कपबशी ठेवताना श्वास रोखून धरला होता. साडेअकरा मिनिटं सुईचा आवाज, जाळ्याला बांधलेल्या शिशाच्या मण्यांची फरशीवर खुळखुळ, एक खोकला. मग 'जातो'.

"आता तं तो भाग दादाले आयकवणार होते," वहिनी म्हणाल्या. "आयकून तो हो म्हणन तं बाहेर काढू, नाही म्हणन तं पुसू. तेवढ्या निमित्तानं पुन्हा बोलावता आलं असतं. दुसरं निमित्त कोठून आणाचं?"

शोभाने माझ्याकडे पाहिलं. मी प्रमाणपत्राकडे पाहिलं.

इथे शहाण्या माणसाने काय करावं हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा मी काय केलं, तर पुन्हा यंत्रापुढे बसलो. त्याला सविस्तर लिहून दिलं : 'एक वृद्ध मच्छीमार जाळे शिवत आहे, शेजारी भाऊ आहे, दोघे बोलत नाहीत, कालावधी साडेअकरा मिनिटे.' यंत्राने निमूटपणे बनवून दिलं. मी ते घेऊन डोमाजींकडे गेलो. पुसलेलं सापडलं असं सांगायचं धाडस झालं नाही, पण सापडल्यासारखा चेहरा केला. त्यांनी दहा सेकंद ऐकलं.

"बाबू, हे कोणी जाळं नाही शिवून राहिला. हे कोणी भेंडी चिरून राहिला."

घरी आलो तर शोभा भाजीच निवडत होती. माझा चेहरा पाहून तिने काय झालं ते विचारलंसुद्धा नाही. म्हणाली, "आता लाखांदूरले स्वतः जाता, का तिथंही मशीनच धाडता?"

गेलो. भंडाऱ्याला बस बदलून, पुढे लाखांदूरपर्यंत, तिथून एका दुचाकीवाल्याच्या मागे बसून. सबंध रस्ता मी मनात वाक्यं जुळवत होतो. पहिलं वाक्य 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मर्यादांमुळे' असं सुरू होत होतं. ते पवनीच्या अलीकडे रद्द केलं.

मोतीराम पाळीवर बसून टोपलीतल्या मासोळ्या निवडत होते. मरळ एकीकडे, झिंगे एकीकडे. डोमाजींचाच चेहरा, पण कोणीतरी त्यातला उजेड थोडा कमी केलेला. मी नाव सांगितलं, शेजारी असल्याचं सांगितलं आणि मग जे झालं ते सगळं, कुठेही मर्यादा न आणता, सांगून टाकलं. बासरीसकट. टाळ्यांपाशी माझी गाडी जरा अडखळली, पण तेही सांगितलं.

ते ऐकत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता. हात चालू होते. मग त्यांनी विचारलं, म्हणजे मी आलो होतो याचा आता काहीच पुरावा नाही. मी म्हटलं, नाही. म्हणजे तुमचं 'जातो' आहे.

मोतीरामांच्या खांद्यांना काहीतरी झालं. मला वाटलं, रडतात. मी घाईघाईने दुसरीकडे, तलावाकडे पाहू लागलो. मग लक्षात आलं, की हसत आहेत. आवाज न करता. बहुधा हसण्याचीही नऊ वर्षांत तीच सवय लागली असावी.

हसून झाल्यावर त्यांनी एक मरळ उचलून पाहिली, परत ठेवली आणि त्याच सुरात म्हणाले, "त्या मिलवाल्या हमालाचं चांगलं केलं होतं त्यानं. शिंगाड्यावाली बाई खोटं बोलत होती. तिच्या पायात तीनदा मोडला काटा. मीच काढला."

मला आधी काही उमगलं नाही. परतीच्या बसमध्ये, भंडारा यायच्या सुमारास, डोमाजींच्या त्या अनोळखी तिघा श्रोत्यांपैकी एक कोण याचा उलगडा झाला. नंतर कळणाऱ्या गोष्टींत ही त्यातल्या त्यात लवकर कळली. मी ते डोमाजींना सांगितलं नाही. माझ्यासारख्याच्या तोंडून ते ऐकणं योग्य नव्हतं, आणि सांगताना मी त्यात बासरी घातली असती.

येतो असं मोतीराम म्हणाले नव्हते. 'पाहू' म्हणाले होते. आमच्या कार्यालयात 'पाहू' याचा अर्थ काय होतो हे मला माहीत असल्यामुळे मी आशा ठेवली नव्हती. आठ दिवस गेले. डोमाजी छपरीत बसून वहीची जुनी पानं चाळायचे. मी कुंपणापलीकडून नमस्कार करायचो, ते उत्तर द्यायचे. फरक एवढाच, की 'बाबू' म्हणत नव्हते.

नवव्या दिवशी रविवार होता. अकराच्या सुमारास बस गेली आणि थोड्या वेळाने रस्त्यावरून मोतीराम येताना दिसले. खांद्यावर जाळ्याची पिशवी. मला तरी ते जाळं बऱ्यापैकी धडधाकट दिसलं. शिवण्यासारखं त्यात काही उरलं असेल असं वाटेना.

मी सभ्य माणूस असतो तर घरात बसलो असतो. मी सुमनवहिनींच्या विरजणाची वाटी घेऊन, जी त्यांनी परत केली होती आणि म्हणून ती आमचीच होती, त्यांच्याकडे गेलो. वहिनींनी मला वाटीसकट स्वयंपाकघराच्या दारात उभं केलं आणि बोटाने गप्प राहायला सांगितलं.

छपरीत दोघे भाऊ बसले होते. मध्ये रेकॉर्डर. डोमाजींनी पुन्हा तो दिवा भावाकडे केला. पुन्हा विचारलं. मोतीराम या वेळी म्हणाले, "लाव." डोमाजींनी बटण दाबलं. दिवा लागला.

मग सुईचा आवाज. मी पहिल्यांदाच तो ऐकत होतो. बारीक, कोरडा, थांबून-थांबून येणारा. दोरा ओढला की एक लहानसा सुस्कारा, शिशाचे मणी हलले की खुळखुळ. भेंडी अजिबात नाही. हेच मी पुसलं होतं. यात निःशब्द असं काय होतं, ते त्या यंत्राला आणि मला, दोघांनाच ठाऊक.

किती वेळ गेला माहीत नाही. डोमाजी मान खाली घालून बसले होते. लग्नामागून लग्नं ज्या आवाजाने गाजवली, तो आवाज वर येईना. शेवटी आला तो भोंग्याच्याच पट्टीत आला, सवयीने, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा.

"दादा, त्या दिवशी..."

मोतीरामांनी सुई थांबवली.

"हळू बोल, डोमा. तवा चार गावानं आयकलं. आता मले आयकू येईन इतकंच बोल."

वहिनींनी पदर तोंडाशी नेला. नऊ वर्षांत त्यांच्या नवऱ्याला त्या नावाने हाक मारणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

डोमाजींनी भावाकडे पाहिलं. मग रेकॉर्डरकडे. ज्या माणसाने म्हाताऱ्यांच्या शिंकासुद्धा रकान्यात लिहून ठेवल्या, त्याने हात पुढे केला आणि दिवा विझवला. रेकॉर्डर पालथा करून बाजूला सरकवला. मग जवळ सरकून, भावाच्या कानाशी वाकून, काहीतरी बोलू लागले. मोतीराम जाळ्याकडे पाहत ऐकत होते आणि मान हलवत होते. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही.

ऐकू आलं नाही, म्हणून मी दारातून एक पाऊल पुढे आलो. मग आणखी एक. आणि माझ्यातला प्रमाणपत्रधारक मला आवरेना. मी म्हटलं, डोमाभाऊ, बंद काहून केलं? खरं तं हेच होतं. हेच लोकांनी ऐकायला पाहिजे.

दोघे भाऊ एकाच वेळी वळले. डोमाजींचे डोळे ओले होते. मोतीरामांचे नव्हते. त्यांनी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या रिकाम्या वाटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"डोमा," ते म्हणाले, "याच्या घरी फोन लाव. म्हण, येऊन घेऊन जा याले."